कमरेचा पंप आणि दारातलं खाकरणं

दुपारच्या या वेळी मी चालू असतो, म्हणून लिहायला बसलोय. आमच्या घरात माझ्यासाठी दोनच शब्द आहेत, चालू आणि बंद. "नाना चालू झाले का?" असं मुलगा कामावरून फोन करून विचारतो, जसं कोणी पाण्याच्या मोटरबद्दल विचारावं. मला पार्किन्सन आहे. कमरेला पट्टा, पट्ट्यात पाऊच, पाऊचमध्ये मोबाईलएवढा पंप, आणि पंपातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली. दिवसभर औषध थोडं थोडं आत जात राहतं आणि तोवर हातपाय माझं ऐकतात. रात्री सुई काढली की मी पुन्हा लाकूड.

हे मी कोणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर द्यायला नातेवाईक पुष्कळ आहेत, रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोसकट तो मोबाईलवर येतो. मी दमलोय. या आजाराबद्दल जे जे वाचायला मिळालं ते सगळं जिंकलेल्या माणसांनी लिहिलेलं होतं, दमलेल्या माणसाचं एकही नव्हतं. ज्यांच्या कमरेला उद्या हा पट्टा लागणार आहे त्यांनी हे वाचावं, आणि त्यांच्या बायकांनी तर जरूर वाचावं.

मर्यादा

आम्ही बदलापूरच्या शिरगावचे, आगरी. जिथे आमचं भात व्हायचं तिथे आता लिफ्टवाल्या इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध आमचं घर अजून खालीच आहे. मी सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर काढली. केसाएवढा फरक हाताला कळायचा. आता तोच हात वरणाची वाटी तोंडापर्यंत नेताना निम्मं वरण सदऱ्याला पाजतो, असो.

माझा बाप स्वयंपाकघराच्या दारात आला की आधी खाकरायचा. आत माझी बायको वनिता, म्हणजे त्याची सून, पदर सावरायची. मग तो पाऊल आत टाकायचा. खाकरल्याशिवाय सुनेसमोर जायचं नाही आणि उघड्या अंगाने तर नाहीच नाही. उन्हाळ्यात सगळं गाव ओट्यावर उघडं बसायचं, पण सुनेची चाहूल लागली की बापाचा हात आधी खांद्यावरच्या टॉवेलकडे जायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून अंगात आलं.

नीलेशचं लग्न झालं तेव्हा मीही खाकरायला लागलो. सून सायली उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पात वाढलेली, ड्रेस घालणारी, बालवाडीत शिकवणारी. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलते आणि भाजीवाल्याशी भांडताना मध्येच सिंधीही काढते. तिला पदर नव्हताच. पण मी खाकरलो की ओढणी नीट करायची. तेवढ्याने माझं समाधान व्हायचं.

पुढे एका वर्षी असं व्हायला लागलं की मी दारात यायचो, खाकरायचो, आणि पाऊल पुढे पडायचंच नाही. तळवे जमिनीला चिकटल्यासारखे. मी चौकट धरून उभा. आतून कोणी "या ना नाना" म्हटलं तरी उभाच. वनिता शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्या यांची मर्यादा बगा. सून घरान आली तवापासून दारान थांबतान, बोलावल्याबिगर आत येव नाय." शेजारणी आपापल्या नवऱ्यांना जाऊन ऐकवायच्या. माझं गावात नाव झालं.

गंमत म्हणजे मलाही तसंच वाटायचं. आवाज बारीक होत चालला होता, तेही मला उमगलं नव्हतं. मला वाटायचं, माझं खाकरणं आत ऐकू गेलं नाही, म्हणून मी थांबलोय. जगात फक्त आमच्याच घरात आजार संस्कार समजून वर्षभर सांभाळला असेल.

निदान

शेवटी एका हळदीत माझा हात थांबेना. हळदीला आमच्यात अख्खं गाव असतं. मांडवाखाली जेवताना उजवा हात मांडीवर एकटाच नाचत होता, डीजेच्या तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. मेव्हणा म्हणाला, दाखवून घ्या. नीलेश ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, बरोबर वनिता.

केबिनच्या दारातच मी थांबलो. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं आणि बघतच राहिले. मग विचारलं, "दारात असं कधीपासून थांबता?"

वनिता अभिमानाने म्हणाली, "ती त्यांची सवय हाय, डॉक्टर. सुनेची मर्यादा."

"इथे सून कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले.

तेवढ्या प्रश्नात आमचं निदान झालं. बाकी बोटं आपटणं, हात फिरवणं, चालून दाखवणं, हे सगळं नंतर झालं. आजाराचं नाव मी ऐकलेलं होतं. ते आपलं असेल असं वाटलं नव्हतं, एवढंच. बाहेर आल्यावर वनिता म्हणाली, "मी गावभर सांगून बसली." तिला आजारापेक्षा त्याचंच वाईट वाटत होतं. मला मात्र भीती वाटली. साधी भीती, आणि ती अजून गेलेली नाही.

डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. जमिनीवर रेघ दिसली तर अडकलेलं पाऊल ती ओलांडायला उचलतं. सायलीने बालवाडीतून पिवळी चिकटपट्टी आणली आणि प्रत्येक दाराशी जमिनीवर आडवी लावली. ती लावून झाल्यावर म्हणाली, "आमच्याकडे पोरांना लाइनमध्ये उभं करायला लावतो. तुमच्यासाठी उलटं, लाइन क्रॉस करायची." मी हसलो नाही. पण पट्टी कामाला आली.

चालू, बंद

पुढची वर्षं गोळ्यांची. सुरुवातीला गोळी घेतली की दिवसभर बरं चालायचं. मग गोळीचा असर लवकर उतरायला लागला. दोन गोळ्यांच्या मध्ये मी कुठेही बंद पडायचो. एकदा बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा स्टँडवर बंद पडलो. एक पाय रिक्षात, एक पाय खाली. मागची रांग ओरडायला लागली. रिक्षावाला म्हणाला, "काका, सकाळी सकाळी लावून आलात काय?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडही बंद होतं. मी उभ्या जन्मात दारू प्यायलो नाही. आगऱ्याच्या हळदीत राहून प्यायलो नाही, म्हणजे बघा. त्या दिवसानंतर मी एकटा बाहेर जाणं सोडलं.

गोळ्या वाढवल्या तर अंग नको तसं वळवळायचं, कमी केल्या तर लाकूड. शेवटी डॉक्टर म्हणाले, पंप लावून बघू. औषध सारखं आत जात राहील, चढउतार कमी होतील. आजार बरा होणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

हॉस्पिटलचा आठवडा

पंप आधी हॉस्पिटलात राहून लावतात, किती औषध सोसतं ते बघायला. मुंबईच्या हॉस्पिटलातला तो आठवडा मला तीन गोष्टींसाठी आठवतो. उलट्या, जांभया आणि मोसंबी.

उलट्यांबद्दल काही सांगत नाही. जांभयांचं सांगतो. या औषधाचा असर व्हायच्या जरा आधी मला जांभई येते, चांगली जबडा दुखेपर्यंत. पहिल्यांदा आली तेव्हा वनिता म्हणाली, झोप लागतेय वाटतं. आणि बघता बघता माझा हात थांबला. पांघरुणावर हात पडलेला होता, गप्प. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला रडू आलं. वनितालाही आलं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी पडदा ओढून घेतला.

मोसंबी शिकण्यासाठी. सिस्टर फार चांगली होती. सुई कशी धरायची, कातडी चिमटीत कशी उचलायची, हे ती आधी मोसंब्यावर करून घ्यायची. "घरातल्या दोघांनी शिका," ती म्हणाली. "एक जण आजारी पडलं तर दुसरं पाहिजे."

नीलेश पुढे झाला. चांगला उंचापुरा गडी, क्रिकेटच्या मॅचमध्ये बॉल लागून भुवई फाटली तरी खेळत राहिलेला. सुई बघितली आणि भिंतीला टेकून हळूच खाली बसला. तोंड पांढरं. सिस्टरने माझ्यासाठी आणलेलं सरबत त्याला पाजलं.

मग सायली पुढे आली. ओढणी खांद्यावरून मागे बांधून, हात धुऊन तयार. मोसंब्यानंतर सिस्टर माझा शर्ट वर करणार हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "तू बाहेर जा. चहा मिळतो का बघ."

ती माझ्याकडे बघत जराशी थांबली. मग गेली. सिस्टर म्हणाली, "आजोबा, पोटच तर आहे." मी म्हणालो, "आमच्यात चालत नाही." वनिता एकटी शिकली. मोसंब्यांना भोकं पाडून पाडून शिकली, आणि मला वाटलं, विषय मिटला.

हिच्या पायातली दोरी

घरी आल्यावरचा दिवस असा. सकाळी मी लाकूड. कूस बदलायची तरी वनिताने बदलायची. आधी ती उलटी न होण्याची गोळी देते. मग टेबलावर औषध सिरिंजमध्ये भरते, पंप जोडते, माझ्या पोटावर जागा शोधते. जागा रोज वेगळी लागते, कारण सुई जिथे जाते तिथे गाठ येते. पोट चाचपलं तर आत वाटाणे पेरल्यासारखं लागतं. रात्री सुई काढल्यावर ती तेल लावून गाठी चोळते. चोळता चोळता डुलकी घेते. मी उठवत नाही, कारण माझाही हात हलत नाही.

पंप लागला, जांभई आली, की मी माणसांत. मग आंघोळ, पंप बाजूला धरून, अर्ध्या बादलीत. मग चहा, जो मी स्वतः पितो. कप स्वतः धरण्याचं सुख काय असतं ते ज्याचा कप दुसऱ्याने धरला आहे त्याला विचारा. पंप आल्यापासून मी एकटा कोपऱ्यापर्यंत जातो, नातवावर खेकसतो, पेपरातली कोडी सोडवतो. म्हणजे पंप वाईट आहे असं मी म्हणत नाही. लग्नाकार्यात लोक पाऊचकडे बघून विचारतात, "नाना, दोन मोबाईल झाले काय?" मी हो म्हणतो. प्रत्येकाला किती सांगणार?

पण एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती, ती मी सांगतो. पंप माझ्या कमरेला आहे, पण त्याची दोरी हिच्या पायात आहे. सकाळी लावायला ती, रात्री काढायला ती. तिच्या माहेरची जत्रा झाली, ती गेली नाही. बहिणीच्या नातीचं बारसं झालं, ती दुपारी गेली आणि संध्याकाळी पळत आली. लग्न होऊन आली तेव्हासुद्धा तिला माझ्या बापाने इतकं बांधून ठेवलं नव्हतं. ती कुरकुर करत नाही. कुरकुर केली असती तर मला बरं वाटलं असतं.

सायली एकदोनदा म्हणाली, "आई, तुम्ही जा ना जत्रेला. मी आहे ना नानांकडे." मी पेपर तोंडासमोर धरला. पेपर धरता येतो तेव्हा त्याचे असे उपयोगही होतात.

हिरवे डाग

हे औषध बाहेर सांडलं की काही वेळाने त्याचा हिरवा डाग पडतो आणि धुतला तरी जात नाही. आमच्या चादरी बघून धोबीण विचारायची, रंगपंचमी कोण खेळतं. सुरुवातीला डाग कमी होते. मग टेबलावर दिसायला लागले. मग टेबलाच्या कडेला, मग खाली लादीवर. रोज एखादा नवा. मी बंद असलो की डोळे तेवढे चालू असतात, दुसरं काम नसतं. मी बघत होतो. वनिता औषधाची बाटली नाकाजवळ धरत होती. सिरिंज बाटलीच्या तोंडाला लागायची, घसरायची, पुन्हा लागायची. सुई जुन्याच गाठीत जायला लागली. एकदा रक्त आलं.

"तुला दिसतं का नाय?" मी विचारलं.

"मना सगलं दिसतं," ती म्हणाली. "तुमी गप ऱ्हवा, पोट हलवू नका."

"पोट मी हलवत नाय. माझं काय हलतंय का आता?"

ती हसली. पण दुपारी तांदूळ निवडताना मी बघितलं, ती खडे बोटांनी शोधत होती.

वनिताचा डावा डोळा लहानपणीच गेलेला, मळणीच्या वेळी भाताचं कुसळ जाऊन. सगळा संसार तिने उजव्या डोळ्यावर केला. मी नीलेशला सांगितलं, त्याने तिला जबरदस्तीने उल्हासनगरच्या डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की ती तिथे आधीही येऊन गेली होती. एकटी, रिक्षाने. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, आतलं प्रेशर वाढलेलं. तेव्हाच ऑपरेशन करा सांगितलं होतं. ही "बघते" म्हणून घरी आली आणि कोणाला बोलली नाही. आता डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर नंतर ऑपरेशन करूनही काही दिसणार नाही. आणि ऑपरेशननंतर कित्येक दिवस वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही.

मी घरी तिच्यावर ओरडलो. म्हणजे मला वाटलं ओरडलो, आवाज किती निघाला देव जाणे. "का सांगितलं नाय?"

"तुमचं कोन करील?" ती म्हणाली.

सायली ओट्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीकडे.

मी करीन

आम्ही बाहेरची बाई बघितली. अंबरनाथ पश्चिमेहून एक बाई घरोघरी इंजेक्शनं द्यायला जातात. त्यांनी पंप बघितला आणि म्हणाल्या, हे मी कधी केलं नाही, आणि पहाटे रोज बदलापूरला येणं जमणार नाही. खरं बोलल्या.

मी म्हणालो, मी करीन. आयुष्यभर लेथ चालवला, एक सुई टोचता येणार नाही का? दुपारी पंप चालू असताना मी मोसंब्यावर करून दाखवलं. एकदम सफाईदार. नीलेश लांबून म्हणाला, "नाना, भारीच." मीही खूश झालो. ऑपरेशनची तारीख ठरली.

या आजाराची सगळ्यात वाईट थट्टा मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. सुई आत गेली की माझा हात थांबतो. पण सुई आत घालायला थांबलेला हात लागतो. वनिताने सिरिंज भरून सुई माझ्या हातात दिली. उजवा हात थरथरत होता, डावा जागचा उठत नव्हता. मी पोटाकडे नेलेली सुई पट्ट्यात घुसली. मग बोटात. तिसऱ्या वेळी हातातून निसटून लादीवर पडली. दुपारचा मी आणि सकाळचा मी ही दोन वेगळी माणसं आहेत, हे इतकी वर्षं आजारात राहून मी विसरलो होतो.

वनिता वाकून सुई शोधायला लागली. हाताने, लादी चाचपत. सायली दारात आली. पट्टीच्या पलीकडे उभी राहिली.

"नाना, मला करू द्या ना."

"तू जा."

"पोट काय असं वेगळं असतं का ओ? माझ्या वर्गात रोज कोणाची तरी चड्डी बदलते मी."

"माझ्या बापाने सुनेला कधी उघडी पाठ दाखवली नाय," मी म्हणालो. "मी पोट दाखवू?"

सायली कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "मग आईंचा डोळा गेला तरी चालेल का?" तिने विचारलं. "चालेल तर तसं बोला. मी परत नाही विचारणार."

वनिता लादीवर बसल्या बसल्या म्हणाली, "जाव दे गो सायली. पुढच्या वर्सी करू ऑपरेशन."

त्या सकाळी वनितानेच पंप लावला, चाचपडत, पुन्हा गाठीत. औषध नीट गेलं नाही आणि मी बराच वेळ बंद राहिलो. पडल्या पडल्या विचार करायला वेळ पुष्कळ. बापाचा टॉवेल आठवला. मग आठवलं की शेवटच्या आजारात बापाला अंथरुणातून उचलून, पुसून, धोतर बदलणारी वनिताच होती. मी फॅक्टरीत असायचो. बाप तेव्हा खाकरला असेल का? मी कधी विचारलं नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. पोट दाखवायची वाटत होती त्याहून पुष्कळ जास्त.

दुपारी पंपाने थोडी साथ दिल्यावर मी वनिताला म्हणालो, "तारीख बदलू नको." तिने कारण विचारलं नाही. मीही सायलीला काही बोललो नाही. बोलायचं होतं, पण कुठून सुरुवात करायची ते सुचलं नाही.

त्या सकाळी

नीलेश वनिताला घेऊन अंधारातच रिक्षाने उल्हासनगरला गेला. जाताना ती माझ्या कपाळावर हात ठेवून गेली. "उलटीची गोली तेवरी दिली हाय मी," म्हणाली.

मग घर शांत झालं. मी उताणा पडलेला. शर्ट वर सरकलेला, पांघरूण कुठे होतं माहीत नाही, हात पोचत नव्हता. उजाडत आलं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मला माहीत होतं ती येणार, आणि मला जाम भीती वाटत होती. ऑपरेशन वनिताचं आणि छाती माझी धडधडत होती.

पावलं आली आणि दाराबाहेर थांबली. आत आली नाहीत.

मग दाराबाहेरून खाकरण्याचा आवाज आला.

चांगला, घसा साफ करून, माझा बाप खाकरायचा तसा. एकदा. जरा वेळाने आणखी एकदा. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा डोळे भरून आले आणि ते पुसायलाही हात उचलेना. ती माझ्यासाठी थांबली होती. मी सावरेपर्यंत. मी काय सावरणार होतो? बोटांनी शर्टाचं टोक पकडून इंचभर खाली ओढलं, तेवढंच. पण तेवढं मी केलं.

मी परत खाकरायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली.

"आले हं नाना," सायली म्हणाली, आणि पट्टी ओलांडून आत आली.

तिने आधी माझ्या छातीपर्यंत चादर घातली, मग खालून बेतानेच दुमडली, तळहाताएवढं पोट उघडं राहील इतकी. टेबलापाशी सिरिंज भरली. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"कुठे शिकलीस?" मी पुटपुटलो. तिला कान जवळ आणावा लागला.

"हॉस्पिटलात. तुम्ही चहा आणायला पाठवलं ना, त्यानंतर सिस्टरना कँटीनपाशी पकडलं. दोन मोसंबी घेतली. मी बोलले, शिकवा, कधी लागलं तर." ती पोट चाचपून जागा शोधत होती. "आता इकडे बघू नका. तिकडे खिडकीत बघा, कावळा आहे का बघा. पोयम म्हणू का?"

"नको."

"मग झालं पण."

झालं होतं. मला कळलंही नव्हतं. तिने सुईवर पट्टी चिकटवली, पंप सुरू केला, शर्ट खाली ओढला, चादर सरळ केली. मग खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही किचनच्या दारात खाकरायचे ना, नंतर नंतर आवाजच नाही यायचा. पण मला समजायचं. तुमचे खांदे हलायचे. मी ओढणी घ्यायचे आणि वाट बघायचे, तुम्ही आत येत का नाही म्हणून."

थोड्या वेळाने जांभई आली. मोठी, जबडा मोडणारी. सायली उठली. "चालू झाले नाना," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुपारी नीलेशचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर म्हणाले होते वेळेत आलात. मागून वनिताचा आवाज आला, त्यांना दे म्हणून.

"पंप लागला का?" तिचा पहिला प्रश्न.

"लागला."

"व्हय. आवाज बरा येतंय तुमचा." मग विचारलं, "कोनी लावला?"

"सायलीनं."

पलीकडे वनिताने असा श्वास सोडला की तो मला इथे शिरगावात ऐकू आला.

"मंग मी आता जरा निजतंय," ती म्हणाली, आणि फोन नीलेशच्या हातात दिला.